दोघींचा बोटवाला

ऊन तापायला लागलं तसा तुतीचा पाला दुपारपर्यंत मान टाकायचा. म्हणून दोघी जावा दिशा फटफटताच विळे घेऊन मळ्यात शिरत आणि उन्हाचा चटका बसायच्या आत फांद्यांचे भारे शेडमध्ये आणून टाकत. शेडमध्ये माचांवर रेशमाच्या अळ्या पसरलेल्या. शेवटची कात टाकून उठलेल्या, करंगळीएवढ्या, पांढऱ्याफटक आणि अशा खादाड, की टाकलेला पाला बघता बघता नुसत्या काड्यांवर यायचा. या दिवसांत घरातल्या माणसांचं जेवण उशिरा झालं तर चालायचं, अळ्यांचं नाही. त्यात यंदा विहिरीनं तळ दाखवला होता. मळ्याच्या वरच्या अंगाला अजून हिरवं होतं, खालच्या अंगाला पानं कडेनं करपत चालली होती. घरधनी रोज सकाळी मळ्यातून एक चक्कर मारून यायचा आणि अंगठ्यानं पान चुरगाळत म्हणायचा, "पुरायला पाहिजे बुवा."

हे एवढंच त्याचं बोलणं. पाला आला का, पाला टाकला का, पाला पुरेल का. लग्न झालं तेव्हा थोरलीला वाटलं होतं, माणूस लाजाळू आहे, हळूहळू खुलेल. लेक मोठी होऊन सासरी गेली तरी माणूस काही खुलला नाही. वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी पिऊन आला नाही. पण थोरलीकडे तो बघायचा तो विहिरीत डोकावल्यासारखा, पाणी आहे ना एवढं बघण्यापुरता.

धाकटीचं गुणगुणणं पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा थोरली भारा बांधत होती. तिनं दोरीची गाठ अर्धवट सोडून मान वर केली. पलीकडच्या ओळीत धाकटी फांदी वाकवून सपसप कापत होती आणि तोंडानं काहीतरी घोळवत होती. दीर गेल्यापासून या बाईच्या तोंडून कामापुरता शब्द निघाला होता. तिला ताटावर बसवायची थोरली, तिचं दुखलंखुपलं बघायची थोरली, आल्यागेल्यासमोर "आमची धाकटी बिचारी" म्हणायची थोरली. त्या बिचारीनं आज केस धुतले होते. हातांना कसलंतरी वासाचं मलम चोळलं होतं.

"मलम लावून पाल्याला हात लावू नकोस," थोरली म्हणाली. "अळ्यांना बाधतं."

"धुतलेत हात, ताई."

"वास येतोय अजून."

धाकटी टाकीवर जाऊन पुन्हा हात धुऊन आली, आणि आल्यावर पुन्हा गुणगुणायला लागली. थोरलीच्या जिवाला ते फारच लागलं.

दुपारी, पाला टाकून झाल्यावर, दोघी शेडच्या सावलीच्या अंगाला टेकल्या तेव्हा धाकटीनंच विषय काढला. कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवत नव्हतं.

"ताई, रागावणार नाहीस ना?" म्हणत तिनं फोन पुढं केला. फोनमध्ये एक माणूस होता. पांढरा सदरा, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, कानशिलांवर थोडे पिकलेले केस, मागं निळंशार पाणी. "बोटीवर आहे. मोठा अधिकारी. बायको वारली त्याची. आपणहून लिहिलं मला. आता रोज लिहितो."

"काय लिहितो?"

धाकटी लाजली. या वयात, या उन्हात, पाल्याच्या डागांनी हिरव्याकाळ्या झालेल्या हातात फोन धरून ती चक्क लाजली. "लिहितो की तुझे कष्टाचे हात मला फार आवडतात. लिहितो, जेवलीस का."

"भाषा कसली ही?" थोरलीनं वाचत नाक मुरडलं. "'मी तुझी वाट पाहत असते.' असते? बाप्या आहे की बाई?"

"परदेशात राहून राहून विसरलाय गं. तरी आपल्या भाषेत लिहितो, केवढं आहे ते!"

"बघितलंस का कधी बोलताना? समोरासमोर, फोनवर?"

"बोटीवर नेट कमी असतं. आणि त्याचा कॅमेरा बिघडलाय."

थोरली "सांभाळून हो बाई" एवढं म्हणाली. काळजी म्हणून म्हणाली असं तिला स्वतःलाही वाटलं. पण संध्याकाळी चुलीपुढं बसल्यावर तिला कळलं, की छातीत जे जळत होतं ते काळजीचं नव्हतं. आपले हातही तेवढेच हिरवेकाळे आहेत, हे तिला आठवत होतं. उलट जास्तच, भारा बांधायचं काम आपल्याकडे असतं.

घरधनी जेवून उठताना म्हणाला, "उद्या वरच्या अंगाचा पाला तोडा."

लेकीनं सासरी जाताना थोरलीला फोन घेऊन दिला होता, फोटो टाकायचं खातंही उघडून दिलं होतं. त्यावर लेकीच्या लग्नातला थोरलीचा एक फोटो होता, बराच बरा आलेला. त्या बोटीवरच्या माणसाचं नाव तर पाठच झालं होतं. दुसऱ्या दिवशी धाकटी टाकीवर भांडी घासत असताना थोरलीनं मळ्याच्या टोकाला बसून त्याला शोधलं. आपण फक्त बघतोय, माणूस कसा आहे ते कळायला नको का, घरची अब्रू आहे, असं मनाशी म्हणत तिनं त्याला दोन शब्द लिहिले. फोन कमरेच्या पिशवीत परत टाकते न टाकते तोच थरथरला.

"तुमचे डोळे फार काही सहन केले आहेत," त्यानं लिहिलं होतं.

थोरली तिथंच बसून राहिली. मुंग्या पायावर चढत होत्या, त्याही तिला कळल्या नाहीत.

मग तिचंही सुरू झालं. पहाटे विळा हातात घ्यायच्या आधी फोन, पाला टाकून झाला की फोन. तो विचारायचा, काय करतेस, थकलीस का, आज कोणत्या रंगाचे कपडे घातलेस. थोरली एकेक अक्षर शोधत उत्तर लिहायची. लिहिताना तिला आपण घातलेल्या कपड्यांचा रंग खाली बघून आठवावा लागायचा, इतकी वर्षं तो कुणी विचारला नव्हता. भाजीत दोनदा मीठ पडलं. घरधन्यानं न बोलता खाल्लं.

आणि मळ्यात धाकटी गुणगुणायला लागली की थोरली गालातल्या गालात हसायची. गा बाई, गा. तुझा बोटवाला आता कुणाला राणी म्हणतो ते तुला कुठं ठाऊक आहे! मात्र हे सुख फार टिकायचं नाही. धाकटीचा फोन वाजला की थोरलीचे कान टवकारायचे. आपला गप्प का? तिला आधी लिहितो की आपल्याला? तिला लांब लिहितो का? धाकटी वाचताना किती वेळ मान खाली घालते, हे ती पाला पसरता पसरता तिरक्या नजरेनं मोजायची. एकदा धाकटी वाचून खुदकन हसली, आणि थोरलीच्या हातातली फांदी मोडली.

अशा तंद्रीतच एक दिवस दुपारचा पाला राहिला. धाकटीला वाटलं थोरलीनं टाकला, थोरलीला वाटलं धाकटीनं. घरधनी शेडमध्ये आला तेव्हा माचांवर नुसत्या काड्या होत्या आणि हजारो अळ्या माना वर करून डोकी हलवत होत्या. त्याच वेळी शेजारच्या मळ्यातला माणूस दोर मागायला दारात उभा होता.

"दोघी दोघी असून यांना उपाशी ठेवता?" घरधनी ओरडला. कधी नव्हे तो ओरडला. "कोष घालायच्या वेळेला आलेला जीव हा! आता पातळ कोष घालतील, कोण घेणार ते? फोन घेऊन बसता काय पोरींसारख्या!"

शेजारी दोर न घेताच गेला. जाताना हसला असावा. दोघींनी एकमेकींकडे न बघता भारे सोडले. दोघींच्या कमरेला फोन थरथरले आणि दोघींनीही हात लावला नाही.

त्यानंतरची गोष्ट. धाकटी एका दुपारी थोरलीला शेडमागं घेऊन गेली. तिचा चेहरा फुलला होता आणि ओठ सुकले होते.

"ताई, त्यानं मला पेटी पाठवलीय. भेटीची. अंगठी आहे, कापड आहे, घड्याळ आहे." तिनं फोटो दाखवला. लाल मखमली पेटी, उघडलेली. "पण बंदरावर अडकलीय. तिथल्या साहेबाचा फोन आला होता. कर भरल्याशिवाय सोडत नाहीत. एकदा भरला मी, माझ्या खात्यातून. आता म्हणतात दंड झालाय, तोही भरा, नाहीतर त्याच्यावर खटला होईल. माझ्यापायी तो अडकायचा गं." ती जवळ सरकली. "माझ्या बांगड्या मोडते. उद्या सोनाराकडे जाते. दादांना कळू द्यायचं नाही. त्यानंही सांगितलंय, घरात कुणाला बोलू नकोस, लोक दृष्ट लावतात. तू येशील माझ्याबरोबर?"

एखाद्या शहाण्या बाईला पहिल्यांदा काय सुचायला हवं होतं? थोरलीला सुचलं ते वेगळंच. हिला पेटी! हिला अंगठी! आणि आपल्याला नुसतं 'जेवलीस का'?

"माझं डोकं दुखतंय," ती म्हणाली. "तू जा."

ती तरातरा मळ्याच्या टोकाला गेली आणि फोन उघडला. मानानं वागायचं, आपणहून काही मागायचं नाही, असं ठरवत होती. पण त्याचा निरोप आधीच येऊन पडला होता. "माझी राणी, मी तुझ्यासाठी एक भेट पाठवली आहे." खाली फोटो. लाल मखमली पेटी.

क्षणभर, अगदी क्षणभर, तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं पुन्हा बघितलं. तीच पेटी. तसाच कोपरा दुमडलेला, अंगठीच्या बाजूला तोच टेबलाचा ओरखडा. अंगठी एक आणि बोटं दोघींची. तिनं वर सरकवत सरकवत सगळं पहिल्यापासून वाचलं. डोळ्यांचं वाचलं, हातांचं वाचलं. 'वाट पाहत असते' वाचलं. ती बांधावर बसली.

घरी जाऊन तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मला कसं कळलं? मी तुझ्यामागून त्याला हुडकला, मीही त्याला लिहिलं, मलाही तो राणी म्हणाला. जिला आपण बिचारी म्हणत आलो तिच्यापुढं आपणच बिचारं व्हायचं. संध्याकाळभर थोरली पाला टाकत राहिली आणि तिच्या मनात एक काळा विचार घर करून बसला. मोडू दे बांगड्या. उतरू दे तोरा. पुन्हा केस धुऊन गाणी म्हणत फिरणार नाही. आणि मग आपणच तिला जवळ घेऊ, ताटावर बसवू, पूर्वीसारखं.

हा विचार तिला गोड लागला, आणि तो गोड लागला याचीच तिला भीती वाटली.

सकाळी धाकटी पाला टाकून, स्वच्छ कपडे करून, हातरुमालात बांगड्या बांधून रस्त्याला लागली. दिरानं जुन्या विहिरीच्या कामावर राबून केलेल्या बांगड्या होत्या त्या. थोरली शेडच्या दारातून बघत होती. धाकटी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा हातातली पाटी तिनं तिथंच टाकली आणि पायांत चपला नाहीत हेही न बघता धावत सुटली.

सोनाराच्या दुकानात तराजूच्या एका पारड्यात बांगड्या पडल्यासुद्धा होत्या.

"थांब!" थोरली दारातूनच म्हणाली. तिला धाप लागली होती, तळपाय भाजले होते. "उचल त्या. तो माणूस खोटा आहे."

"ताई, इथं नको."

"इथंच." तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि काचेच्या पेटीवर ठेवला. "बघ. मलाही पाठवलीय त्यानं. हीच पेटी."

धाकटीनं बघितलं. वाचलं. थोरलीला वाटलं ती आता रडेल. धाकटीनं मान वर केली तेव्हा तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

"तू त्याला लिहिलंस?"

"हो."

"माझ्या मागं?"

"हो."

"बघवलं नाही तुला." आवाज चढत गेला. "तुला नवरा आहे, लेक आहे, घर आहे. मला एक माणूस विचारत होता जेवलीस का म्हणून, तेवढंही तुला बघवलं नाही! तूच नादाला लावलंस त्याला. तूच मागितली असशील पेटी!"

"हो, नाही बघवलं," थोरली म्हणाली. "जळफळाट झाला माझा. खरंच झाला. त्याचं मला काय ते बोल घरी, मी ऐकून घेईन. पण बांगड्या उचल."

"नाही. त्याला मी ओळखते."

सोनार आतापर्यंत खाली मान घालून तराजू पुसत होता. तो हळूच म्हणाला, "दोघीही लिहा ना त्याला आत्ता. एकच वाक्य. एकाच वेळी."

दोघी दुकानाच्या बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. थोरलीनं लिहिलं, 'मला फार ताप आला आहे.' धाकटीनं तेच लिहिलं, कारण तिला तो खरा आहे हे दाखवायचं होतं. मग दोघी वाट बघत राहिल्या. बाहेर कुणीतरी बादली आपटत गेलं. अजूनही, इतकं सगळं कळूनही, आपल्याला आधी उत्तर येतं का, इकडे थोरलीचं अर्धं लक्ष होतं. याची तिला पुढं फार दिवस लाज वाटली.

दोन्ही फोन लागोपाठ वाजले.

"माझी राणी, तुझा ताप माझ्या हृदयात चढली आहे. लवकर बरी हो. पेटीचे काम आज करशील ना?"

धाकटीनं थोरलीचा फोन हातात घेतला, आपला त्याच्याशेजारी धरला आणि शब्दाशब्दावर बोट ठेवत, पहिलीतल्या पोरीसारखं, दोन्ही वाचले. 'चढली आहे'पाशी तिचं बोट थांबलं. मग ती फोन मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसली.

"लाल पेटी का?" सोनार म्हणाला. "तीन-चार बाया येऊन गेल्यात माझ्याकडे. एक मास्तरही आला होता, त्याला कुणी डॉक्टरीणबाई भेटली होती." त्यानं बांगड्या पारड्यातून काढून रुमालात बांधल्या. "आता त्याला काही लिहू नका. आणि पुसूनही टाकू नका काही. आधी बँक, मग पोलीस. उशीर करू नका, मागचे पैसे कुठं अडवता आले तर आले."

बँकेतलं धाकटीचं खातं दीर गेल्यावर घरधन्याच्या नावासकट उघडलं होतं. त्याला बोलवावंच लागलं. तो मळ्यातून तसाच, पायाला चिखल घेऊन आला, आणि पोलीस चौकीत दोघींच्या मागं भिंतीला टेकून उभा राहिला. चौकीतला हवालदार तक्रार लिहून घेत होता आणि लिहिता लिहिता निरोप मोठ्यानं वाचत होता, किराणा वाचावा तशा आवाजात. "'तुझे कष्टाचे हात मला फार आवडतात.' हे कोणत्या फोनवरचं?"

"माझ्या," धाकटी म्हणाली.

"'तुमचे डोळे फार काही सहन केले आहेत.' हे?"

 हवालदारानं मान वर केली.

"माझ्या," थोरली म्हणाली. पाठीमागं भिंतीचा पोपडा पडल्याचा आवाज तिला ऐकू आला. ती वळली नाही.

हवालदार मात्र भला होता. त्यानं सांगितलं, हे एकटा माणूस करत नाही, टोळी असते, शंभर जणींना एकच मजकूर जातो. समोर येत नाही, कॅमेरा नाही म्हणतो, गुपित ठेव म्हणतो आणि मग काहीतरी अडकतं, एवढं दिसलं की समजायचं. "आणि हा फोटोतला साहेब? त्यालाही पत्ता नसणार. त्याचे फोटो चोरलेत. तो आपला कुठंतरी बायकापोरांत असेल."

"बायको आहे त्याला?" धाकटीनं पटकन विचारलं.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "असेलही," तो म्हणाला.

पैशांपैकी बरेचसे गेलेच. त्यातली थोडी रक्कम तेवढी बँकेनं वाटेत अडवली. बांगड्या मात्र घरी आल्या.

घरी आल्यावर तिघांनी जेवणाआधी पाला टाकला. पुढचे दिवस धाकटी थोरलीशी बोलली नाही. फांद्या कापायची, भारा थोरलीच्या पुढ्यात टाकायची आणि दुसऱ्या ओळीत जायची. घरधनी तर आधीच मुका. पण त्याचा मुकेपणा आता वेगळा होता. तो थोरलीकडे बघायचा आणि तिनं बघितलं की नजर काढून घ्यायचा. एकदा तो आरशापुढं उभा राहून कानशिलावरचे केस चाचपताना तिला दिसला. शेवटी एके संध्याकाळी, माचावरच्या काड्या काढता काढता, त्यानं विचारलंच.

"कोण होता तो?"

"कुणीच नव्हता. ऐकलंत ना चौकीत."

त्यानं काड्यांची जुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"कुणीच नव्हता तर रडतेस कशाला मग मोरीत जाऊन?"

थोरलीनं उरलेल्या काड्या गोळा करायला घेतल्या. तो दाराशी गेला, थबकला. "डोळ्यांचं काय ते मला दिसलं नव्हतं असं नाही," तो म्हणाला. आणि बाहेर जाऊन उगाचच बैलांवर ओरडला.

अळ्यांनी खाणं सोडलं. अंगं पिवळसर, काचेसारखी झाली, आणि त्या डोकी फिरवत जागा शोधायला लागल्या. आता एकेक उचलून कोष घालायच्या जाळ्यांवर सोडायची. हे काम दोघींनी समोरासमोर बसूनच करायचं असतं, त्याला इलाज नाही. दोघी बसल्या. कितीतरी वेळ नुसती बोटं चालत होती.

"ताई," धाकटी म्हणाली.

थोरलीनं हातातली अळी जाळीवर सोडली.

"तुला त्यानं गाणं म्हणून पाठवलं होतं का कधी?" धाकटी हातातल्या अळीकडे बघत होती. "मला पाठवलं होतं. त्याच्या आवाजात. मध्ये एकदा अडखळलाही होता बिचारा, मग हसून पुन्हा म्हटलं. ते गाणं मी म्हणायची बघ मळ्यात. कुणीतरी बसून म्हटलंच असेल ना गं ते? ते काही तसंच्या तसं सगळ्यांना पाठवता येत नाही ना?"

थोरलीला ते गाणं ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी आलं होतं तिलाही. त्याच आवाजात, त्याच ठिकाणी अडखळलेलं, त्याच ठिकाणी हसलेलं. तिनं ते मळ्याच्या टोकाला बसून किती वेळा ऐकलं याला हिशेब नव्हता. अजूनही, या क्षणीही, 'मला पाठवलं होतं' हे शब्द तिला बोचलेच.

"मला नाही पाठवलं," ती म्हणाली.

"नाही?"

"नाही. तुलाच पाठवलं असेल."

धाकटीनं मान हलवली. हातातली अळी तिनं हलकेच जाळीवर सोडली आणि पुढचीसाठी हात लांब केला.

"सरक जरा इकडं," ती म्हणाली. "तुझ्या अंगावर ऊन येतंय."